कुंभाराच्या दारचा मोगरा

फार पूर्वी, आपल्या खापरपणजोबाचा पाळणाही सुतारानं हातात घेतला नव्हता तेव्हाची गोष्ट. एका खडकाळ गावात एक कुंभार राहायचा. हाताचा गुणी, डोक्याचा आडमुठा.

त्याची बायको दारात मोगरा वाढवायची. चैत्र लागला की रोज एक फूल पिण्याच्या माठात टाकायची. गावच्या विहिरीचं पाणी मचूळ, पण तिच्या माठातलं पाणी प्यायला वाटसरू वाट वाकडी करून यायचे.

मग ती वारली. कुंभारानं काय करावं? मोगऱ्याचं पाणी तोडलं. ती गेली, मग हा कशाला जगतोय, म्हणाला. राग देवावर आणि मेलं झाड. हसू नका. भल्याभल्यांचं असं होतं.

त्याची लेक गोजा सासरहून आली होती. आईचं तेरावं आटपलं तशी गाडीत बसली. "आबा, या घरातलं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही," म्हणाली. नंतर तीन वर्षं फिरकली नाही.

तिसऱ्या माघात तिचा निरोप आला. "चैत्रगौरीला येते. मन लागलं तर महिनाभर राहीन. नाही लागलं तर बैल जुंपलेलेच ठेवीन."

कुंभारानं अंगणाकडं बघितलं. नुसती धूळ. हे बघून पोरगी उलट्या पावली गेली, तर पुन्हा येणार नाही, हे त्याला कळलं.

गावाच्या कडेला माळीण मावशीची रोपांची वाडी होती. मावशी ऐंशीची, वाकलेली, जीभ मात्र ताठ. कुंभार गेला तेव्हा ती मोगऱ्याच्या रोपांची पानं ओरबाडत बसली होती. मातीला भेगा पडलेल्या. पाणी आठ दिवसांत दिलेलं दिसत नव्हतं.

"मावशी, ही रोपं आहेत का खराटे?"

"खराटेच. ने, अंगण झाड."

"चेष्टा नको. लेक येतीय माझी. फुलं पाहिजेत."

"फुलं यावीत म्हणूनच उपाशी ठेवलंय त्यांना. पाडव्यापर्यंत दम धर."

"आणि नाही आली तर?"

"तर ये आणि शिव्या दे. आत्ताच नको."

भट्टी निवेपर्यंत मुकाट बसणारा माणूस, पण लेकीच्या बाबतीत त्याचा धीर सुटला. त्यानं गाडीभर माठ घेतले आणि थेट राजधानी गाठली. तिथं राजाच्या माळ्याची रोपवाटिका. वर गवताच्या ताट्यांची सावली, खाली नदीचा मऊ गाळ, पाटाचं गोड पाणी. एकेका रोपावर फुलांचे झुबके. माठ दिले, झुबके आणले. अंगणात लावले तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं.

"भाऊजी, राजवाडाच झाला की!" शेजारीण म्हणाली. कुंभार मिशीत हसला.

शिमगा झाला. ऊन तापलं, खडक तापला, माळावरचा वारा सुटला. ज्या रोपांनी कधी ऊन बघितलं नव्हतं, त्यांना ते सोसेना. विहिरीचं पाणी त्यांना पचेना. आधी फुलं गळाली, मग पानं करपली. कुंभार भर दुपारी घोंगडी धरून त्यांच्यावर सावली करत उभा राहायचा. बिचारा स्वतः भाजला, पण एक रोप वाचलं नाही.

गौरीला चार दिवस उरले. कुंभार माळणीच्या कुंपणाबाहेर जाऊन उभा राहिला.

"आत ये," मावशी ओरडली. "तिथं उभा राहून तुला काय पालवी फुटणाराय?"

तो आत आला. बघतो तर काय, त्याच खराट्यांना हिरवीगार पानं आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या.

"कुंभारा, तुझं मडकं घेताना गिऱ्हाईक काय करतं?"

"वाजवून बघतं."

"आणि तू राजाची रोपं रंग बघून आणलीस! जन्मभर मडकी विकून हेच शिकलास?"

"चुकलो, मावशी. एक रोप दे."

म्हातारी कोपऱ्यात गेली आणि एक कुंडी उचलून आणली. तिचा काठ तिरका होता. कुंभारानं ती ओळखली. त्याच्याच चाकावर बिघडलेली, म्हणून बाजूला टाकलेली.

"तुझ्या बायकोनं दिलीय," मावशी म्हणाली. "माझ्याकडून रोप नेलं की मोठ्या झाडाची फांदी मातीत दाबायची आणि मूळ फुटल्यावर मला परत आणून द्यायची, ही आपल्या गावची रीत. तू ज्याचं पाणी तोडलंस ना, ते झाड याची आई."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तू खराटा म्हणालास."

कुंभार कुंडीशी बसला आणि लहान पोरासारखा रडला. म्हातारीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "जरा बाजूला सरकून रड रे. आधीच इथलं पाणी खारट."

कुंभारानं ते रोप अंगणात लावलं आणि गौरीच्या सकाळी त्यावर एकच फूल उमललं. कुंभारानं ते माठात टाकलं.

गाडी आली. गोजा उतरली, पण ओसरीतच उभी राहिली. अंगणात वाळक्या काड्या आणि मधे एक बारकं झाड.

"आबा, बैल जुंपलेले आहेत," ती म्हणाली.

"असू दे. घोटभर पाणी तरी घे."

तिनं तांब्या तोंडाला लावला आणि थांबली. मग डोळे मिटून सगळा तांब्या रिकामा केला. पुन्हा माठाशी गेली, झाकण काढलं आणि पाण्यावर तरंगणारं फूल बोटानं हलकेच फिरवलं.

मग दाराकडं वळून म्हणाली, "गाडीवाले दादा, बैल सोडा. वैरण टाका त्यांना."

गोजा महिनाभर राहिली. जायच्या आधी बापलेकीनं मिळून मोगऱ्याची एक फांदी मातीत दाबली, माळीण मावशीला द्यायला.

म्हणून सांगतो, दारात लावायचं रोप फुलं बघून आणू नका, आपल्याच मातीत आणि आपल्याच पाण्यावर ज्यानं मूळ धरलंय ते आणा.