गेल्या वर्षीची बांगडी

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की ज्या गावात ती घडली त्याचं नाव आता गावालाही आठवायचं नाही.

तिथे नागपंचमीच्या तोंडावर कासारीण यायची. देवळाच्या ओट्यावर बसून लेकीबाळींना बांगड्या भरायची. वयानं लहान, स्वभावानं भित्री. मांजरानं भांडं पाडलं तरी तिच्या हातातली बांगडी निसटायची. बायका हसायच्या, "अगं, तू काच विकतेस, की तूच काचेची आहेस?"

पण बोटं तिची शहाणी. एकदा धरलेला हात ती वर्षभर विसरत नसे.

त्या साली ठकू समोर बसली. आईबापाविना काकाकडे वाढणारी, आठ वर्षांची पोर. बांगडी सरकन चढली.

"बघा, लोण्यासारखा हात!" काकू म्हणाली. बायकांनी माना डोलावल्या. त्या गावात नाजूक हाताची पोर भाग्याची समजत.

कासारणीची बोटं मात्र थबकली. ही तर गेल्या वर्षीच्या मापाची बांगडी! ठकूच्या बरोबरीच्या पोरींना ती मुठीवरच अडली होती.

पोरीची बट मागे सारायला तिनं हात उचलला. तशी ठकूनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं. बाही वर सरली. दंडावर वळ होते, जुने आणि नवे.

दचकणं कासारणीच्या ओळखीचं होतं. पण ती आवाजाला दचकायची. ही पोर हाताला दचकली होती.

"झाडावरून पडली मेली," काकू घाईनं म्हणाली. ठकूनं बाही खाली ओढली.

कासारीण टोपली आवरू लागली. सासूनं बजावलं होतं, "एका उंबऱ्यातलं दुसऱ्या उंबऱ्यात नेणाऱ्या कासारणीला कुणी दारात उभं करत नाही." त्यात काकाचं घर मोठं, देवळातला दिवा त्यांच्याच तेलावर जळायचा.

टोपली उचलून ती वेशीपर्यंत गेली. पुढच्या साली हेच माप निघालं तर? आणि मापाला हातच नसला तर?

ती माघारी वळली.

गावातलं प्रत्येक पोर जिच्या हातावर जन्मलं, ती सुईण आजी दारात तांदूळ पाखडत होती.

"आजी, माझं चुकत असेल तर..."

"चुकलं तर माफी मागू. खरं निघालं तर काय करशील? बोल पोरी. पाहिलंस तेवढंच सांग, पदरचं घालू नकोस."

ऐकून घेतल्यावर आजीनं तांदूळ निवडायला म्हणून ठकूला एकटीलाच बोलावून घेतलं. पुढ्यात दूध-भाकरी ठेवली. ठकूनं अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी परकरात लपवली.

"ती कुणासाठी गं?" कासारणीनं विचारलं.

"उद्यासाठी." मग मान खाली घालून, "माझ्या हातून सांडतं. म्हणून काका मारतो."

"सांडतं तर माझ्याही हातून. विचार गावाला! तुझं काही चुकलं नाही, बाळ."

संध्याकाळी आजीनं पारावर पंच बसवले. काका गरजला, "आमच्या घरात डोकावणारी ही कोण?"

कासारीण काकाकडे न बघता उठली आणि तिनं बांगडी पुढे ठेवली. "ही गेल्या वर्षीच्या मापाची. ठकूला आजही होते. तिच्या वयाच्या तुमच्या लेकींना घालून बघा."

म्हाताऱ्या पंचानं ती ठकूएवढ्याच आपल्या नातीला घातली. ती मुठीवरच अडली. मग ठकूच्या नाजूक हाताचं कौतुक कुणीच केलं नाही.

त्या दिवसापासून ठकू आजीच्या घरी राहिली. काका-काकूंना तिच्या वाऱ्यालाही उभं राहायची बंदी झाली. देवळाचं तेल घराघरांतून पाळीनं येऊ लागलं. दिवा काही विझला नाही.

पुढच्या पंचमीला बायकांनी कासारणीसाठी ओटा सारवून ठेवला होता. ठकू सगळ्यांच्या आधी बसली. जुन्या मापाची बांगडी अडली. दोन मापं मोठी काढली, तीही दाबून चढवावी लागली.

"हळू की गं!" ठकू ओरडली.

त्या ओरडण्यानं कासारीण अशी दचकली, की टोपलीच कलंडली. मग दोघी पोट धरून हसल्या.

लेकरू बोलत नाही म्हणून दुखत नाही असं नसतं; ज्याला ते दिसलं, त्यानं भीत भीत का होईना, बोलावं.