अंगठा ओळखणारं दार

द्राक्षांच्या मुलखातल्या एका गावात भूपालशेठ नावाचा बेदाण्याचा व्यापारी राहत होता. त्याचं मोठं शीतगृह होतं. जाड भिंती, एकच भक्कम लोखंडी दार आणि आत बारा महिने हाडं गोठवणारी थंडी. शेठ माणूस वाईट नव्हता, पण त्याचा कोणावर म्हणून विश्वास नव्हता. झोपेतसुद्धा त्याला चोरच दिसायचे.

दारावर तातोबा नावाचा म्हातारा राखणदार होता. दार लावण्याआधी तो लोखंडावर काठीने तीन ठोके द्यायचा आणि ओरडायचा, "हाय का कोण आत?" मग दाराला कान लावून उभा राहायचा. त्यानंतरच कडी घालायचा. त्याच्या बापाने गुळाच्या वखारीत त्याला हे शिकवलं होतं. चाळीस वर्षांत त्याने एक दिवसही ते चुकवलं नव्हतं.

पुढे शेठने शहरातून अंगठा ओळखणारं कुलूप आणलं. आत जायला अंगठा, बाहेर यायला अंगठा. आत किती माणसं आहेत ते बाहेरच्या पाटीवर आकड्यात दिसायचं. आकडा शून्य झाला की आतले दिवेही आपोआप जायचे. शेठ हरखूनच गेला.

कुलूप बसवायला आलेल्या बाई जाताना म्हणाल्या, "शेठ, हे अंगठे मोजतं, माणसं नाही. एका अंगठ्यामागून दोघं शिरली तर याला एकच दिसतं. आणि दाराच्या आतल्या बाजूला हा लाल दांडा आहे. तो ढकलला की अंगठ्याशिवाय दार उघडतं. त्याला कधीही अडवू नका."

बाईंची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच शेठने लाल दांड्याला साखळी घातली आणि तिला कुलूप ठोकलं. "अंगठ्याशिवाय दार उघडायचं असेल तर एवढं यंत्र आणलं कशाला?" तो म्हणाला. मग तातोबाकडे वळला. "आणि तुझे ते ठोके आजपासून बंद. येणारेजाणारे हसतात. आत कोण आहे ते पाटी सांगेल. तू फाटकावर बस."

तातोबाचा अंगठा त्याने यंत्रात घेतलाही नाही. म्हातारा काठी घेऊन फाटकावर जाऊन बसला.

पहिल्याच आठवड्यात घोळ सुरू झाला. बेदाणा निवडणाऱ्या बायकांचे अंगठे झिजलेले आणि साखरेने चिकट. यंत्र त्यांना ओळखेना. तेवढ्या एका शालनचा अंगठा लागायचा, आणि बाकीच्या तिच्यामागून आत-बाहेर करायच्या. खुद्द शेठची गत वेगळी नव्हती. दिवसभर बेदाणा चिमटीत दाबून पाहायची त्याला सवय होती, त्यामुळे त्याचाही अंगठा कायम चिकट. आपल्याच यंत्राने आपल्याला नाकारावं याची त्याला लाज वाटायची. म्हणून तोही गुपचूप कोणाच्या तरी पाठोपाठ शिरायचा.

बेंदूर, म्हणजे बैलांचा सण आला. त्या दिवशी दुपारपर्यंत काम, पुढे दोन दिवस सुट्टी. "काम आटपलं की परस्पर बहिणीच्या गावी जातो," असं शेठ घरी सांगून आला होता. बहिणीला मात्र त्याने काही कळवलं नव्हतं.

दुपारी सगळी माणसं गेली. शालन तेवढी शेवटच्या पेट्या ठेवायला आत शिरली. दार मिटायच्या आत शेठ तिच्यामागून सरकला आणि तडक मागच्या रांगेत नवा माल बघायला गेला. पंख्यांच्या घरघरीत शालनला त्याची चाहूलही लागली नाही. तिने पेट्या ठेवल्या, अंगठा लावला आणि बाहेर पडली. पाटीवर शून्य आलं. पुरण शिजायचं होतं, म्हणून ती घराकडे पळाली.

आत दिवे गेले.

शेठला आधी रागच आला. चाचपडत तो दाराशी पोचला आणि त्याने अंगठा लावला. यंत्राचा लाल दिवा लुकलुकला. त्याने अंगठा सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा लाल. मोबाइल कचेरीत राहिला होता. मग त्याने दांडा ढकलला, आणि साखळी खळखळली. तिची किल्लीही कचेरीच्या खणात होती.

तो ओरडला, मुठी आपटल्या, पण आवाज त्या जाड दारातच जिरत होता. दोन दिवस इकडे कोणी फिरकणार नव्हतं. घरच्यांना वाटेल, बहिणीकडे असेल. बहिणीला वाटेल, घरी असेल. बोटं बधिर झाली, दात वाजायला लागले. जन्मभर तो चोरांना भीत आला होता. या घडीला एखादा चोर दार फोडून आला असता तर शेठने त्याचे पाय धरले असते.

फाटक लावण्याआधी तातोबा एक फेरी मारायला आला. पाटीवर शून्य होतं. तो वळला, आणि पाण्याच्या पिंपाआड त्याला चपलांचा एक जोड दिसला. खाण्याचा माल म्हणून आत कोणीच चपला घालून जात नसे. हा जोड शेठचा होता.

म्हाताऱ्याने पाटीकडे पाहिलं, चपलांकडे पाहिलं. ठोके बंद, हा मालकाचा हुकूम होता. मालक मागच्या वाटेने घरी गेला असला तर नोकरी जाईल. तरी त्याने काठी उचलली आणि तीन ठोके दिले.

"हाय का कोण आत?"

काही नाही. त्याने पुन्हा ठोके दिले आणि श्वास रोखून कान लावला. उंदराने कुरतडावं इतका बारीक आवाज आला.

तातोबाला दार उघडता येत नव्हतं. तो त्या वयात धावत शालनच्या घरी गेला. "शालन, पळ! मालक आत हाय!"

"आगं बया! पाटीवर तर कोण न्हवतं, मामा!" शालन पुरणाच्या हातांनीच धावली.

तिने अंगठा लावला. लाल. पदराला पुसून लावला. लाल. "आता तरी वळख की रं," ती रडत यंत्राला म्हणाली. तातोबाने तिच्या हातावर पिंपातलं पाणी ओतलं आणि आपल्या पटक्याने अंगठा कोरडा केला. हिरवा दिवा लागला.

शेठ दाराशीच पडला होता. ओठ निळे पडले होते, मुठीत साखळी होती. ती सोडवायला दोघांना जोर लावावा लागला. उन्हात, घोंगडीत गुंडाळून बसवल्यावर बऱ्याच वेळाने त्याला वाचा फुटली.

"पाटीवर शून्य होतं ना?"

"व्हतं की."

"मग हाक का मारलीस?"

"मालक, पाटीला जेवढं कळलं तेवढं ती सांगणार," तातोबा म्हणाला. "आत कोण ऱ्हायलंय, ते आतल्यालाच इचारायला लागतं."

दुसऱ्या दिवशी सुट्टी असूनही शेठ आला. त्याने साखळी काढून विहिरीत टाकली आणि तातोबाला पुन्हा दारावर बसवून त्याचा अंगठा यंत्रात घेतला. यंत्र काही त्याने काढलं नाही, पण लाल दांडा रोज स्वतः ढकलून पाहू लागला, आणि एका अंगठ्यामागून दुसऱ्याने शिरायचं नाही असा नियम आधी स्वतःला लावून घेतला. संध्याकाळचे तीन ठोकेही तो आता स्वतःच द्यायचा. दाराला कान लावून उभा राहिला की दर वेळी त्याचे हातपाय गार पडायचे. आतून आपलाच आवाज येईल, असं त्याला वाटायचं.

तात्पर्य: कुलूप कितीही हुशार असलं तरी त्याला अंगठा कळतो, माणूस कळत नाही, म्हणून बाहेरच्याला अडवताना आतल्याची वाट कधी बंद करू नये, आणि दार लावण्याआधी एक हाक माणसानेच मारावी.