ताठ बसणाऱ्यांचा मठ

“...पण महाराज, दुखणं देहाला होतं की आत्म्याला?”

“तुला कुठं दुखतंय?”

“कमरेत.”

“मग कमरेला होतं.”

निळकंठबुवांनी कमरेवर हात दाबला. धुंडिनाथ महाराजांच्या मठात ताठ बसावं तर ते बुवांनीच. महाराज कधी भिंतीला टेकत नाहीत, म्हणून शिष्यही टेकत नसत. त्यातही बुवांची तऱ्हाच न्यारी. प्रवचन कितीही लांबो, पाठ आपली सरळच्या सरळ. कुणी नवखा चुकून टेकला, तर बुवा त्याच्याकडे असे बघत की बिचाऱ्याला धरणीनं पोटात घ्यावंसं वाटे.

आणि आता त्याच पाठीनं दावा साधला होता. वर्षानुवर्षं ठणकत होतीच, पण हल्ली सकाळी उठायचं म्हणजे खांबाला, कठड्याला, प्रसंगी मठातल्या गाईला धरून उठावं लागे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मणक्यातली गादी सरकलीय, नस दबलीय, आता मणक्यात सुई घालून औषध सोडायचं. बुवांनी तेलं चोळली, लेप लावले, नवस बोलले. सुई काही टळेना.

“मग घे की सुई,” महाराज म्हणाले.

“लोक काय म्हणतील? एवढी साधना केली, अन् शेवटी सुई! आणि महाराज... मी ओरडलो तर?”

खरं दुखणं हे होतं. बुवा भ्यायले होते, चांगलेच भ्यायले होते. तोंडातून एक ‘हाय’ निघाली, की आजवर कमावलेलं नाव मातीत.

“मला आपल्यासारखं व्हायचंय, महाराज. आपण कधी कण्हतसुद्धा नाही.”

महाराजांनी हातातली जपमाळ खाली ठेवली.

मग उठले. दार लोटलं. कफनी वर केली. पोटाभोवती चांगला रुंद पट्टा आवळलेला होता. महाराजांनी त्याचं चिकटपट्टीचं टोक धरलं आणि ओढलं.

चर्रर्र!

बुवांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हा आवाज! रोज पहाटे महाराजांच्या बंद खोलीतून येणारा! अख्खा मठ ओसरीवर हात जोडून तो ऐकत असे. कुंडलिनी जागी झाली की असा नाद उठतो, हे नव्या शिष्यांना बुवांनीच तर समजावून सांगितलं होतं.

“औषधाच्या दुकानात मिळतो,” महाराज म्हणाले. “बांधला की वाकता येत नाही.”

“म्हणजे आपण टेकत नाही, ते...”

“टेकलं की मागची पट्टी टोचते.”

“अहो, मग कधी सांगितलं का नाहीत?”

“कुणी विचारलं?”

बुवांना हसावं की रडावं कळेना. “पण आपली कंबर बिघडली कशानं?”

“माझ्या गुरूंसारखं ताठ बसून.”

त्यांच्या गुरूंचं काय, हे विचारायची बुवांची छाती झाली नाही.

सुईच्या दिवशी सगळा मठ दवाखान्यात लोटला. निळकंठबुवा ‘हूं’ न करता सुई घेणार, हे बघायला! सगळे बाहेर ओळीनं उभे. महाराज तेवढे बाकड्यावर बसले.

आत बुवा पालथे झोपले. “हलायचं नाही हं बुवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बुवांनी डोळे मिटले, दात आवळले, मनात महाराजांची मूर्ती आणली. सुई टेकली मात्र...

“आई गंऽऽ!”

दवाखाना हादरला.

घटकाभरानं बुवा बाहेर आले, ते मान खाली घालूनच. सगळ्यांच्या देखत नाक कापलं गेलं होतं. डोळे भरून आले तसे ते महाराजांच्या पायाशी वाकले... आणि चक्क वाकता आलं.

“महाराज, आपलं नाव घ्यायचं ठरवलं होतं. तोंडातून आई आली.”

“माझ्याही तोंडातून तीच आली होती,” महाराज म्हणाले. “याच टेबलावर.”

बुवांनी मान वर केली. मग त्यांना जे हसू फुटलं, ते आवरेना. हसत हसत ते बाकड्यावर बसले आणि मठात आल्यापासून पहिल्यांदाच मागे भिंतीला टेकले. काय सुख होतं त्या भिंतीत!

महाराजांनी समोर पाहिलं. सगळे शिष्य ताठ उभे होते. झाडून सगळ्यांचा एकेक हात कमरेवर.

“हं...” महाराज म्हणाले, “पुढचा कोण?”