तुळजापूरचा ताजा पेढा

प्राचार्य घोरपड्यांना संगणकातलं फक्त बटण कळे. लॅबमधला एक जुना संगणक अपडेट एकदाच उतरवून घ्यायचा आणि बाकी चाळिसांना वाटायचा. साहेबांनी तोच बंद केला. "शिळं कशाला? ज्यानं त्यानं ताजं आणावं!"

झालं! ऐन ऑनलाइन परीक्षेत चाळीसही संगणक अपडेटसाठी धावले आणि नेट गुदमरलं. मुलं रडकुंडीला आली.

तुळजापूरहून सगळ्यांसाठी आणलेले प्रसादाचे पेढे वाटत साहेब गरजले, "शर्वाणी मॅडम, लॅब तुमची, नोकरी गेली समजा!"

शर्वाणीनं हात पुढे केला. पेढा कपाळाला लावून तिनं डब्यात परत ठेवला.

"शिळा नको, सर. आम्ही सगळेच तुळजापूरला जाऊन ताजा आणतो. परीक्षा तेवढी तुम्ही सांभाळा."

साहेबांनी वाकून त्या जुन्या संगणकाचं बटण दाबलं. तेवढं त्यांना येतच होतं.