गोजराबाईचा रांजण

एकदा काय झालं, ऐन वैशाखात एका गावाच्या विहिरी आटल्या. एकूण एक. उरला फक्त गोजराबाईच्या पाणपोईतला रांजण. ही म्हातारी घाटाच्या तोंडाशी बसायची. येणाऱ्याच्या ओंजळीत ओगराळ्यानं धार धरायची, आणि पिणाऱ्यानं पुरे म्हणेपर्यंत धार तोडायची नाही, अशी तिची रीत.

मग तिथं आली एक जोगीण. पोटभर प्यायली, रांजणात बोट बुडवलं आणि म्हणाली, "बाई, हा आता आटायचा नाही. पण कशाचीही आशा धरून पाजलंस, तर पाणी खाली जाईल." आणि बघता बघता गायब झाली, बरं का.

गोजराबाई हरखली. यात काय अवघड, तिला वाटलं. मग आला घोड्यावरचा सरदार. धार धरली आणि मनात आलं, हा आपल्या छपराला नवी कौलं देईल. झालं, पाणी सर्रकन हातभर खाली. मग आले साधूबुवा. वाटलं, आता पुण्य लागेल. आणखी हातभर खाली. मग आली शेजारीण, जिच्याशी उभा दावा. हिच्याकडून तर मला काही नको, बघा मी किती चांगली, असं म्हातारी मनात म्हणाली. गेलं की हो पाणी आणखी खाली. राहिलं ओगराळंभर पाणी, आणि अख्खं गाव तहानलेलं.

गोजराबाई घाबरली. डोळे घट्ट मिटून बसली. मन स्वच्छ झाल्याशिवाय आता थेंब द्यायचा नाही. पण एक आशा काढली की दुसरी डोकावायची.

तेवढ्यात एक धनगरीण धावत आली. कडेवर लेक, उन्हानं मान टाकलेली.

"थांब गं," गोजराबाई म्हणाली, "मन धुतेय."

"आजी, मन मागनं धू. आधी पोरीच्या तोंडात पाणी घाल."

उठलीच गोजराबाई. होतं तेवढं पाणी पोरीला पाजलं. विचार करायला वेळ होता कुणाला? पोरीनं डोळे उघडले, हसली. म्हातारीला आनंद झाला, इतका की रडूच आलं. आणि मग धसकाच बसला. हा आनंद म्हणजे मोबदलाच की. भीत भीत रांजणात डोकावली, तर पाणी काठोकाठ. वरून सांडतंय, वाटेनं गावाकडे धावतंय.

मग गाव प्यायलं, गुरं प्यायली, सगळे सुखात राहिले. शेजारीणसुद्धा. तेवढा आनंद रांजणाला कसा चालला, हे मात्र गोजराबाईला शेवटपर्यंत कळलं नाही.

चला, मिटा डोळे. आणि मघापासून माझे पाय कोण चेपतंय? आणखी एक गोष्ट मिळेल म्हणून चेपत असशील, तरी चेप बाई. दुखतायत.