रेमोंदाची टोपली

फार वर्षांपूर्वी, मोंतरुकच्या वेशीला अजून लाकडी दरवाजा होता, तेव्हाची ही गोष्ट. मोंतरुक म्हणजे फ्रान्सच्या दक्षिणेकडचं, डोंगराला चिकटून बसलेलं दगडी गाव. खाली नदी, वर नुसता उघडा उतार. शेळीचंसुद्धा तिथे पोट भरायचं नाही.

तो डोंगर मठाचा होता. मठाधिपतींनी गावाला सांगितलं, "लावा द्राक्षं. या डोंगराच्या, पाचव्या हंगामाच्या द्राक्षांच्या वाइनचा एक पेला भरून दाखवा. दाखवलात, तर डोंगर तुमचा. नाही, तर घरं सोडा आणि चालू लागा." एक पेला! लोक पोट धरून हसले.

रेमोंदा तेवढी हसली नाही. तिचा नवरा त्याच उतारावर पहार मारता मारता गेला होता आणि तिथेच त्याला पुरलं होतं. गाव सुटलं तर तिचा माणूस मागे एकटा राहणार होता. लावणीची पहिली वेल तिने त्याच्यापाशीच लावली.

उतारावरची माती अडवायला भिंती हव्या होत्या. तिचा दीर बेर्नात गवंडी. गावाचा तट त्यानेच बांधलेला, त्यामुळे स्वारी कुणाचं ऐकायची नाही. त्याने चुन्यात पक्क्या भिंती घातल्या, सुई शिरणार नाही अशा.

"भाऊजी, पाण्याला वाट ठेवा," रेमोंदा म्हणाली.

"वहिनी, माझ्या भिंतीतून शत्रू आत आला नाही. पाण्याची काय बिशाद?"

"अहो, शत्रू बाहेरून येतो. पाणी आतून ढकलतं!"

पण शहाण्याला कोण शिकवणार? चौथ्या वर्षी, तोडणी झाल्यावर, तीन दिवस पाऊस कोसळला. भिंतींमागे पाणी तुंबलं, भिंती फुगल्या आणि धडाधड फुटल्या. माती, वेली, चार वर्षांची मेहनत, सगळं नदीकाठी जाऊन पडलं. उरली ती रेमोंदाच्या नवऱ्याजवळची एक वेल. बेर्नात डोकं धरून बसला. लोक गाठोडी बांधायला लागले.

रेमोंदाने टोपली उचलली. नदीवर गेली, माती भरली, पाठीवर घेतली आणि चढायला लागली. वर ओतली, परत उतरली.

"खुळावली बिचारी," बायका म्हणाल्या.

"खुळी तर खुळी," रेमोंदा म्हणाली. "मी काही इथून हलत नाही."

असं म्हणतात, की दिवसाला ती चाळीस वेळा चढायची आणि वाटेत मातीचा एक कण सांडायचा नाही. असं म्हणतात, की तिची टोपली एकदा ओतली की दहा टोपल्यांची माती पडायची. आठव्या दिवशी बेर्नात मुकाट वर आला आणि दगडावर दगड रचू लागला. कुणीतरी विचारलं, "चुना कुठाय?"

"चुना तटाला," तो म्हणाला. "इथे वहिनी सांगेल तसं."

मग एकेक गाठोडं सुटलं आणि अख्खं गाव टोपल्या घेऊन चढायला लागलं. हिवाळाभर माती वर जात राहिली, तिच्यात नव्या वेली लागल्या.

पाचवा हंगाम आला. नव्या वेलींना नुसती पानं. फळ धरलं ते एकाच वेलीने, नवऱ्याजवळच्या, आणि तोही एकच घड. मठाधिपती हातभर उंच पेला घेऊन आले आणि गालात हसले. रेमोंदाने घड मुठीत धरला आणि पिळला. पिळतच राहिली. पेला भरला, काठावरून तिच्या मनगटावर ओघळला. आणि तो ताजा रस नव्हता. मुरलेली वाइन होती, असं म्हणतात.

"एका घडात पेला?" मठाधिपती पुटपुटले.

"तुम्ही पेला मागितला होतात, महाराज. घड किती, ते कुठे बोलला होतात?"

डोंगर गावाचा झाला.

आजही मोंतरुकला पाहुणे येतात. दगडी बोळांतून फिरतात, फोटो काढतात आणि वाइन चाखायला मागतात. वेशीपाशी छोट्या टोपल्या टांगलेल्या असतात. "आधी टोपली, मग पेला," म्हणून गावकरी हसत एक हातात देतात. मग कितीही मोठा पाहुणा असो, नदीकाठची माती भरतो आणि धापा टाकत वर नेतो. भिंती अजून बिनचुन्याच्या आहेत, पाऊस पडला की दगडांमधून पाणी झिरपत राहतं.

टोपली रिकामी करायची ती त्या जुन्या वेलीपाशी. तिथे आता दोघंही आहेत. दर पावसात माती खाली येते, दर वर्षी माणसं ती वर नेतात, आणि गाव जिथल्या तिथे आहे.