पेठेसाहेबांचं कमिशन

कुमुदिनी सोवनी नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्या आणि आयुष्यभराची पुंजी एकदम हाती आली. आजवर पैशांचे व्यवहार त्यांचे यजमान दत्तोपंतच बघत. आता मात्र बाईंनी हट्टाने वाचनालयातल्या गुंतवणुकीच्या वर्गात नाव घातलं आणि चक्रवाढ व्याजापासून सगळं नव्याने शिकायला घेतलं.

तेवढ्यात दत्तोपंतांचे स्नेही, गुंतवणूक सल्लागार पेठेसाहेब, एक योजना घेऊन घरी आले. "पाच वर्षांत पैसे दुप्पट!" त्यांनी जाहीर केलं.

"आणि बाजार पडला तर?" बाईंनी विचारलं.

पेठे यजमानांकडे वळले. "दत्तोपंत, वहिनींना सांगा, धोका शून्य आहे."

बाईंनी पुन्हा विचारलं. उत्तर पुन्हा यजमानांनाच मिळालं. तिसऱ्यांदा तर पेठे हसले. "वहिनी, या वयात कशाला डोक्याला ताप? इथे सही करा."

"अगं, कर ना!" दत्तोपंतही म्हणाले.

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली, पण त्यांनी आवाज चढवला नाही. "यात तुम्हाला कमिशन मिळत असेल ना?"

"किरकोळ. कंपनी देते, लगेच."

"मग तेही सगळं याच योजनेत घाला आणि पाच वर्षांनी दुप्पट करून घ्या. तेवढं लिहून द्या, मी आत्ता सही करते."

पेठे गडबडले. "छे हो वहिनी! पाच वर्षांनी बाजाराचं काय होईल, कुणी सांगावं?"

"म्हणजे खरं उत्तर येत होतं तुम्हाला!" बाई म्हणाल्या. "मग मघापासून 'धोका शून्य' असं ह्यांना का सांगत होतात? प्रश्न माझा होता."